बेनिडॉर्म : समुद्रकाठच्या सुट्टीचे गणित

स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर, अलिकांते शहराच्या ईशान्येस, डोंगर आणि भूमध्य समुद्र यांच्यामधल्या पट्टीत बेनिडॉर्म वसले आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मासेमारी, जहाजांवरची नोकरी आणि थोडीफार शेती यांवर हे गाव जगत असे. आज त्याच किनाऱ्यावर उंच इमारतींची रांग उभी आहे. कायमची वस्ती सुमारे सत्तर हजारांची. उन्हाळ्यात मात्र गाव त्याच्या कितीतरी पट माणसांनी फुलून जाते. युरोपात स्वस्त आणि मौजेच्या सुट्टीसाठी या गावाचे नाव घेतले जाते. मात्र मुंबई-पुण्याहून चौघांचे कुटुंब तेथे नेणे ही स्वस्त गोष्ट नव्हे. म्हणूनच महिना, व्हिसा, मुक्कामाची जागा आणि समुद्राची शिस्त या चार गोष्टींचा विचार निघण्यापूर्वीच केलेला बरा.

आखून घडवलेले गाव

बेनिडॉर्मचा कायापालट योगायोगाने झालेला नाही. १९५० ते १९६७ या काळात महापौर असलेल्या पेद्रो सारागोसा यांच्या कारकिर्दीत, १९५६ मध्ये, गावाचा विकास आराखडा मंजूर झाला. रुंद रस्ते, इमारतींभोवती मोकळी जागा आणि पुढे उंचीवरील बंधने उठल्यावर उभे राहिलेले सडपातळ मनोरे, असे त्याचे स्वरूप होते. किनाऱ्यालगत बंगले पसरवण्याऐवजी वस्ती उंच नेल्यामुळे हजारो खोल्यांना ऊन आणि समुद्र दोन्ही मिळाले आणि बहुतेकांना वाळूपर्यंत पायी जाता येऊ लागले. २००२ मध्ये सुरू झालेले ग्रान होटेल बाली १८६ मीटर उंच आहे.

फ्रँको यांच्या कर्मठ राजवटीत याच महापौरांनी किनाऱ्यावर बिकिनी घालण्यास परवानगी दिली. त्यावरून धर्मपीठाचा रोष ओढवला, तेव्हा ते व्हेस्पा स्कूटरवरून माद्रिदला गेले आणि थेट फ्रँको यांच्यापुढे त्यांनी आपली बाजू मांडली, असे सांगितले जाते. आखलेल्या गावालाही निसर्गाने मर्यादा दाखवून दिली. १९७८ च्या दुष्काळात येथे जहाजांनी पिण्याचे पाणी आणावे लागले. हा मुलूख कोरडा आहे, ही गोष्ट हॉटेलात नळ सोडताना पाहुण्यानेही ध्यानात ठेवावी.

कोणत्या महिन्यात जावे?

जुलै-ऑगस्टमध्ये समुद्राचे पाणी सुमारे २५-२६ अंश सेल्सिअस असते. पण तेव्हाच स्पॅनिश कुटुंबेही सुट्टीवर निघतात, दर शिखरावर जातात आणि वाळूवर पंचा पसरायला जागा शोधावी लागते. सप्टेंबर पोहण्यासाठी उत्तम. मात्र महाराष्ट्रातील शाळांना तेव्हा सुट्टी नसते. दिवाळीच्या सुट्टीत हवा सुखद असली तरी पाणी थंड होऊ लागलेले असते. शिवाय शरद ऋतूत या किनाऱ्यावर अल्पकाळात प्रचंड पाऊस कोसळण्याचा धोका असतो. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी व्हॅलेन्सिया परिसरात आलेल्या पुरात दोनशेहून अधिक माणसे दगावली. त्या दिवसांत जाणाऱ्यांनी हवामान खात्याचा इशारा रोज पाहावा आणि लाल इशारा असेल त्या दिवशी घाटात किंवा नदीकाठी फिरणे टाळावे.

एप्रिल-मे महिन्यांत ऊन असते, पण पाणी १७-१९ अंशांच्या आसपास असते. अरबी समुद्राच्या उबदार पाण्याची सवय असलेली मुले त्यात पाय घालताच बाहेर येतात. सगळ्याचा मेळ घातला तर शाळकरी मुलांच्या कुटुंबासाठी जूनचा पहिला पंधरवडा सोयीचा ठरतो. पाणी साधारण २१-२२ अंश, गर्दी बेताची आणि महाराष्ट्रातील बहुतेक शाळा उघडायला थोडे दिवस शिल्लक. शाळेचे बंधन नसलेल्यांनी सप्टेंबरचा पूर्वार्ध निवडावा.

व्हिसा

भारतीय पारपत्रधारकांना शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. किमान पंधरा दिवस आधी तो दाखल व्हावा लागतो. निर्णयास साधारणपणे पंधरा दिवस लागतात, प्रसंगी पंचेचाळीसही. जून २०२४ मध्ये प्रौढांसाठीचे शुल्क ९० युरो आणि सहा ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो करण्यात आले. सहा वर्षांखालील मुलांना ते माफ आहे. केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा सक्तीचा आहे.

उन्हाळ्याआधी भेटीच्या वेळा भराभर संपतात. त्यामुळे जूनच्या प्रवासासाठी फेब्रुवारी-मार्चमध्येच अर्ज करावा. अनेक देशांचा बेत असेल तर जेथे सर्वाधिक मुक्काम आहे त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. मुक्काम समसमान असेल तर प्रथम प्रवेशाच्या देशाकडे. व्हिसा हाती येईपर्यंत रद्द करता येईल असेच आरक्षण घ्यावे. परतावा न मिळणाऱ्या स्वस्त तिकिटाचा मोह येथे महागात पडू शकतो. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर बोटांचे ठसे व छायाचित्र घेणारी नोंदणी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. त्यासाठी विमान बदलताना हाताशी पुरेसा वेळ ठेवावा.

कसे पोहोचाल?

बेनिडॉर्मला स्वतःचा विमानतळ नाही. अलिकांतेचा विमानतळ सुमारे ६० किलोमीटरवर असून तेथून थेट बस पाऊण ते एका तासात गावात आणते. माद्रिदला उतरणाऱ्यांना अतिवेगवान रेल्वेने साधारण अडीच तासांत अलिकांते गाठता येते. पुढे अलिकांतेच्या लुसेरोस स्थानकातून ट्रामचा क्रमांक १ चा मार्ग समुद्राच्या कडेकडेने बेनिडॉर्मला जातो. या प्रवासाला सव्वा तासाच्या आसपास लागतो आणि खिडकीतून दिसणाऱ्या दृश्यांमुळे तो कंटाळवाणा होत नाही.

मुक्काम कोठे करावा?

जुने गाव एका खडकाळ टेकाडावर आहे. त्याच्या टोकाला पांढऱ्या कठड्यांचा सज्जा असून त्याच्या दोन्ही अंगांना दोन किनारे पसरलेले आहेत. पूर्वेचा लेव्हान्ते सुमारे दोन किलोमीटर लांबीचा. सगळी धमाल येथे चालते. त्याच्या मागच्या गल्ल्यांत ब्रिटिश पाहुण्यांची मद्यालये पहाटेपर्यंत गजबजलेली असतात. पश्चिमेचा पोनिएन्ते सुमारे तीन किलोमीटरचा, तुलनेने शांत आणि स्पॅनिश कुटुंबांचा आवडता. त्याच्या कडेने रंगीत, लाटांसारख्या वळणांचा पादचारी मार्ग २००९ मध्ये बांधण्यात आला. दोहोंच्या मध्ये, सज्ज्याखाली, मालपास नावाची चिमुकली खाडी आहे.

मित्रांच्या टोळक्याला लेव्हान्ते मानवेल. आजी-आजोबा आणि लहान मुले बरोबर असतील तर पोनिएन्ते किंवा जुने गाव बरे. आरक्षण करताना किनारा किती मीटरवर आहे एवढेच न पाहता वाटेत चढ आहे का आणि खोलीखाली रात्रीचे मद्यालय आहे का, हेही विचारावे. आठवडाभर राहायचे असेल तर स्वयंपाकघर असलेले सदनिकेचे घर शाकाहारी कुटुंबाला सोयीचे पडते. मात्र त्याचा अधिकृत नोंदणी क्रमांक जाहिरातीत आहे याची खात्री करून घ्यावी.

समुद्राची शिस्त

कोकणच्या माणसाला समुद्र म्हटला की भरती-ओहोटीची वेळ आठवते. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटीचा फरक नगण्य असतो, त्यामुळे किनारा दिवसभर जवळपास तेवढाच राहतो. पण यावरून समुद्र निर्धोक आहे असा समज करून घेऊ नये. पूर्वेचा वारा सुटला की लाटा उसळतात आणि पाण्याखालील ओढ वाढते. हिरवा बावटा म्हणजे पोहण्यास हरकत नाही, पिवळा म्हणजे सावधगिरी, आणि लाल म्हणजे पाण्यात उतरण्यास मनाई. लाल बावटा असताना ‘फक्त गुडघाभर पाण्यात’ जाण्याची सवलतही स्वतःला देऊ नये. जेलीफिश आल्याची खूण वेगळ्या बावट्याने देतात. मध्यरात्रीपासून सकाळी सातपर्यंत पोहण्यास व वाळूवर झोपण्यास पालिकेची मनाई असून दंड होतो. संकटात ११२ हा क्रमांक लावावा.

उन्हाचेही एक गणित आहे. बेनिडॉर्म जवळजवळ शून्य रेखांशावर आहे, पण स्पेनची घड्याळे मध्य युरोपच्या वेळेनुसार चालतात. परिणामी उन्हाळ्यात सूर्य बाराऐवजी दुपारी दोनच्या सुमारास डोक्यावर येतो आणि जूनमध्ये सव्वानऊनंतर मावळतो. म्हणून बारा ते साडेचार हा वेळ सावलीत काढून सकाळ आणि लांबलचक संध्याकाळ समुद्रासाठी राखावी. स्थानिक लोकही हेच करतात.

खाणेपिणे

स्पेनमध्ये दुपारचे जेवण दोन ते चारच्या दरम्यान आणि रात्रीचे नऊनंतर घेतात. मुलांना सात वाजता भूक लागत असेल तर सोबत खाऊ हवाच. दुपारी मिळणारे ‘मेनू देल दिया’ म्हणजे दोन पदार्थ, पाव आणि गोड पदार्थ किंवा कॉफी यांचे ठरलेल्या किमतीचे जेवण. पेयही बहुधा त्यातच असते. खिशाला परवडणारा हा उत्तम पर्याय आहे. पाएया हा भाताचा प्रकार याच व्हॅलेन्सिया प्रांतातला. तो भाज्यांचाही मिळतो, पण भात माशांच्या किंवा मांसाच्या रश्शात शिजवला आहे का ते विचारावे. ‘व्हेजिटल’ अशा अर्थाचे नाव लावलेल्या सँडविचमध्ये ट्यूना मासा आणि अंडे हमखास निघते. बटाट्याच्या ‘तोर्तिया’मध्ये अंडे असते आणि थंडगार गास्पाचो सूपवर कधी डुकराच्या मांसाचे तुकडे भुरभुरवतात. ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो’, म्हणजे मांस नको, मासे नकोत, एवढे दोन शब्दप्रयोग पाठ असू द्यावेत. बदाम आणि मधाचा तुर्रोन हा जवळच्या शिशोना गावचा मिठाईप्रकार परतताना आणण्याजोगा.

वाळूपलीकडे

पाच दिवस नुसत्या वाळूवर मुलांचे मन रमत नाही. आक्वालांदिया हे जलक्रीडा उद्यान १९८५ पासून आणि तेर्रा मीतिका हे मनोरंजन उद्यान २००० पासून येथे आहे. २००५ मध्ये नैसर्गिक उद्यान म्हणून घोषित झालेल्या सिएर्रा एलादाच्या कड्यांवरून समुद्राचे विस्तीर्ण दर्शन घडते; अल्बीरच्या दीपगृहापर्यंतची फरसबंदी वाट ज्येष्ठांनाही झेपते. ट्रामने आल्तेआला जावे. निळ्या घुमटाचे चर्च आणि पांढऱ्या घरांच्या गल्ल्या तेथे आहेत. उलट दिशेचे व्हियाहोयोसा रंगीबेरंगी घरांसाठी आणि चॉकलेटसाठी ओळखले जाते. कड्यावरचा किल्ला पाहायचा तर डोंगरातले गुआदालेस्त गाठावे.

समोरच्या बेटावर बोटीने जाता येते. गावामागच्या पुइच कांपाना या सुमारे १,४०० मीटर उंच डोंगराला माथ्याशी एक चौकोनी खाच आहे. सूर्याचा शेवटचा किरण विझताच प्रियेचा प्राण जाणार हे कळल्यावर रोल्दान नावाच्या राक्षसाने डोंगराचा तुकडा तोडला, म्हणजे सूर्य क्षणभर अधिक दिसावा; तोच तुकडा समुद्रात पडून हे बेट झाले, अशी दंतकथा आहे. बोटीत बसल्यावर मुलांना ही गोष्ट सांगून खाच आणि बेट दोन्ही दाखवावीत.

सावधगिरी

लेव्हान्तेच्या मार्गावर तीन झाकणांखाली वाटाणा लपवून पैज लावणारे टोळके बसते. जिंकताना दिसणारी माणसे त्यांचीच असतात. तेथे घुटमळूही नये, कारण गर्दीत खिसेही कापले जातात. पारपत्र खोलीतील तिजोरीत ठेवून त्याची छायाप्रत जवळ बाळगावी. पोहताना सामानापाशी एकाने बसावे. भारतीय तीन पिनांचा प्लग तेथे बसत नाही, त्यासाठी अडॅप्टर न्यावा.

थोडक्यात वेळापत्रक

डिसेंबर-जानेवारीत तारखा आणि विमानभाडे यांचा अंदाज घ्यावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये रद्द करता येणारे आरक्षण करून व्हिसाचा अर्ज द्यावा. एप्रिलमध्ये रेल्वेची तिकिटे काढावीत. मेमध्ये मुलांना जलतरण तलावावर नेऊन सराव करून घ्यावा. गावात पोहोचल्यावर मात्र वेळापत्रक बाजूला ठेवावे. सकाळी बावट्याचा रंग पाहावा आणि त्यानुसार दिवस ठरवावा.