ॲल्युमिनियम आणि हरित शैवलांचे पोषण

ॲल्युमिनियम आणि हरित शैवलांचे पोषण (संयुक्त अरब अमिराती) : पाण्यात उतरलेल्या ॲल्युमिनियममुळे हरित शैवलांच्या पोषकद्रव्य-ग्रहणावर, मुख्यतः फॉस्फेटच्या ग्रहणावर, होणारा परिणाम. भूकवचात वजनाने सुमारे 8% असलेले हे मूलद्रव्य शैवलांना पोषणासाठी लागत नाही. ते बहुतांशी मातीच्या खनिजांत अडकून असते. पाण्यात किती उतरेल हे सामूवर ठरते. सामू 5.5च्या खाली गेला की त्याचे धनभारित आयन सुटे होतात. 6 ते 7च्या दरम्यान ते हायड्रॉक्साइडच्या रूपात खाली बसते. 8च्या वर पुन्हा विरघळते, पण ऋणभारित ॲल्युमिनेट होऊन.

आम्लधर्मी पाण्यात सुटे आयन पेशीभित्तिकेला चिकटतात आणि कॅल्शियमची जागा अडवतात. सिलिका किंवा ह्यूमिक आम्ले असली की त्यांच्याशी बांधले जाऊन ते बरेच निष्प्रभ होतात. फॉस्फेटची गोष्ट याहून महत्त्वाची. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ तळाशी बसतो, हे घरोघरी ठाऊक आहे. तुरटीतल्या ॲल्युमिनियमच्या हायड्रॉक्साइडचा तोच पांढरा, कापसासारखा साका फॉस्फेटलाही धरून बसतो. तलावातले शेवाळ आटोक्यात आणण्यासाठी तुरटी वापरतात ती याच कारणाने. बहुतेक वेळा शैवल विषाने मरत नाही, उपाशी राहते.

प्रयोगशाळेत हा फरक हमखास निसटतो. 72 तासांच्या प्रमाणित वाढ-चाचणीच्या एका माध्यमात लिटरमागे 1.6 मिलिग्रॅम पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट असते. त्यातला फॉस्फरस जेमतेम 0.36 मिलिग्रॅम, आणि तेवढ्याच मोलांचे ॲल्युमिनियम फक्त 0.32 मिलिग्रॅम. एवढ्याशा फॉस्फेटमध्ये वाढ खुंटली, तर दोष धातूचा की उपासमारीचा, हे विरघळलेले फॉस्फेट मोजल्याशिवाय सांगता येत नाही. शिवाय शैवले पॉलिफॉस्फेटच्या कणांत फॉस्फरस साठवून ठेवतात. साठा भरलेली पेशी काही पिढ्या तग धरते, त्यामुळे चाचणीपूर्वी तिला काय खायला मिळाले होते तेही पाहावे लागते.

अमिरातीचे चित्र वेगळे आहे. युरोपात आम्लपावसाने बिघडलेल्या सरोवरांवरून काढलेले निष्कर्ष इथे जसेच्या तसे लावणे चूक ठरेल. आखाताच्या पाण्याचा सामू 8च्या आसपास असतो, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असते; हजर पर्वतातल्या ओफिओलाइट खडकांतून झिरपणारे पाणीही अल्कधर्मीच. किनाऱ्याच्या दगडांवरच्या उल्वा या हरित शैवलाला सुट्या धनभारित आयनांशी सामना करावा लागत नाही. ॲल्युमिनियम मात्र येतच असते: शमाल वाऱ्यांनी उडालेल्या धुळीतून, मातीच्या खनिजांना धरून.

या देशात ॲल्युमिनियमचा उद्योगही मोठा आहे. जेबेल अलीचा धातू-प्रकल्प 1979 मध्ये सुरू झाला. अल तवीला येथील ॲल्युमिना शुद्धीकरण कारखाना 2019 मध्ये. बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढताना कॉस्टिक सोडा लागतो आणि मागे अतिअल्कधर्मी लाल चिखल उरतो. त्याच्या द्रवात ॲल्युमिनेट असते. हा द्रव समुद्राच्या पाण्यात मिसळला की मॅग्नेशियमशी जुळून हायड्रोटाल्साइट नावाचे थरयुक्त खनिज खाली बसते. तेही फॉस्फेट शोषून घेते. म्हणून अशा पाण्याची तपासणी करताना केवळ एकूण ॲल्युमिनियम मोजून भागत नाही; सामू, मॅग्नेशियम आणि गाळलेल्या पाण्यात शिल्लक राहिलेले फॉस्फेट हे तिन्ही एकाच नमुन्यात मोजावे लागतात.