फ्लायव्हीलवरची खूण

धाराशिव जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला ‘टायमिंग’ हा शब्द नवा नाही. विहिरीवरचं ऑइल इंजिन धूर ओकायला लागलं, हँडल मारून मारून दंड भरून आले, की कुणीतरी म्हणतंच, ‘टायमिंग गेलंय, मिस्त्रीला बोलवा.’ हे टायमिंग म्हणजे नेमकं काय आणि ती विद्या आपल्या भागात आली कशी, याविषयी आज थोडं बोलू या.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती स्वतःच तापते. त्या तापलेल्या हवेत इंधनाचा बारीक फवारा मारला की ते पेट घेतं. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबर्ग इथे हे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं. पण फवाऱ्यासाठी त्यांना दाबलेल्या हवेचा आधार घ्यावा लागे आणि त्यासाठी वेगळा अवजड कॉम्प्रेसर. असं धूड कारखान्यात चालेल, शेतात कसं आणायचं? स्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने १९२७ मध्ये इंधनाच्या पंपाचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केलं आणि डिझेल इंजिन आटोपशीर झालं. या पंपात बोटाएवढा पोलादी दट्ट्या असतो. तो आणि त्याची नळी यांच्यातली फट अवघी दोन-तीन मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास.

आपल्याकडे पुण्यात १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. १९५१ मध्ये बंगळूरला ‘मायको’ सुरू झाली आणि पुढे हे पंप देशातच बनू लागले. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. याच काळात विहिरीवरची मोट हळूहळू मागे पडली आणि इंजिन आलं. १९७२ च्या दुष्काळात मात्र कामं हातानेच झाली. खडी फोडली गेली, घमेल्यांनी माती वाहिली गेली. नंतर पाझर तलावांवर आणि धरणांवर डोझर दिसू लागले. विहिरीवरचं पाच अश्वशक्तीचं इंजिन असो की डोझरचं सहा सिलिंडरचं, पंपाचं तत्त्व एकच.

नव्वदच्या दशकात एका पाझर तलावाच्या कामावर मी असा एक डोझर बंद पडलेला पाहिला. पंप दुरुस्तीला न्यायचा म्हणून एका उतावळ्या पोराने खुणा न करताच तो उतरवला. दुरुस्त पंप परत आला, त्याने फ्लायव्हीलची खूण जुळवून बसवला. पण इंजिन काही धरेना, नुसता पांढरा धूर. दोन दिवस काम ठप्प, पावसाळा तोंडावर, बांध अर्धवट. शेवटी एक म्हातारे मिस्त्री आले. त्यांनी पंपाला हातच लावला नाही. वरचं झाकण काढून पहिल्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह पाहिले आणि म्हणाले, ‘बाळा, खूण बरोबर आहे, फेरी चुकली.’

चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक दोन वेळा फिरतो तेव्हा पंप एकदाच फिरतो. म्हणून फ्लायव्हीलवरची खूण एका चक्रात दोनदा समोर येते, एकदा हवा दाबली जाताना आणि एकदा जळका धूर बाहेर पडताना. पोराने दुसरी धरली होती. दाबाच्या फेरीत त्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, तेच मिस्त्रींनी पाहिलं.

त्यांची पद्धत अशी. पंप आधी बाहेरून धुवायचा, कारण धुळीचा कण दट्ट्याला ओरबाडतो. पहिला सिलिंडर दाबाच्या फेरीत खुणेवर आणायचा, कपलिंगवर पंचाने खूण करायची, मगच बोल्ट सोडायचे. पाइप निघाले की तोंडं बंद करायची. पंप पुन्हा बसवला की पहिल्या सिलिंडरच्या जागी डिलिव्हरी व्हॉल्व्ह काढून वाकडी नळी लावायची आणि इंजिन हाताने हळूहळू फिरवायचं. नळीतून डिझेलची धार चालू असते. दट्ट्याने छिद्र झाकलं की धार तुटते, थेंबावर येते. तिथेच फवाऱ्याची सुरुवात. त्या क्षणी फ्लायव्हीलची खूण काट्यासमोर हवी. नसेल तर कपलिंग सैल करून जरासं सरकवायचं. खूण ओलांडली गेली तर बरंच मागे नेऊन पुन्हा फिरण्याच्या दिशेनेच खुणेवर यायचं, नाहीतर गिअरमधली ढिलाई फसवते. फवारा लवकर झाला तर इंजिन ठोकतं. उशिरा झाला तर धूर, ताप आणि ताकद कमी.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. आपल्या जिल्ह्यातलं सास्तूर, शेजारचं किल्लारी आणि आसपासची गावं जमीनदोस्त झाली. दगडमातीच्या जाड भिंतींचे ढिगारे उपसायला लष्कर आलं, यंत्रं आली. अशा वेळी बंद पडलेलं यंत्र लवकर चालू करणारा माणूस किती मोलाचा असतो, हे वेगळं सांगायला नको.

आता काळ बदलला आहे. २०१४ नंतर जलयुक्त शिवारात नाले खोल केले ते पोकलेननी. २०२१ पासून बांधकाम यंत्रांना प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले. नव्या इंजिनांत फवाऱ्याची वेळ संगणक ठरवतो. हवेच्या दृष्टीने ते चांगलंच आहे. पण जुनी यंत्रं आणि विहिरीवरची इंजिनं अजून कामात आहेत. ती जाणणारे मिस्त्री मात्र म्हातारे झाले. त्यांची विद्या कुठल्या वहीत नाही, हातात आहे. तुमच्या गावात असा कुणी असेल, तर एखादा दिवस त्याच्याजवळ बसा. कुठल्या इंजिनाची खूण कुठे आहे, एवढं तरी लिहून घ्या. पंप उतरवण्याआधी खूण करून ठेवावी, हे तोच तुम्हाला पहिल्यांदा सांगेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)