एकदिवसीय बसपास, क्योतो
क्योतो महानगरपालिकेच्या बसगाड्यांचा दिवसभराचा पास. विक्री २०२३ च्या सप्टेंबरअखेर बंद. एका फेरीचे भाडे २३० येन आणि पास ७०० येनांचा, म्हणजे चौथ्या फेरीलाच तो परवडू लागे. कियोमिझु-देरा, गिओन, किन्काकु-जी गाठायला पर्यटक साहजिकच बस धरत. यात कोणा एकाचा दोष नव्हता; पण मोठाल्या बॅगांनी भरलेल्या बसमध्ये थांब्यावरच्या वृद्ध रहिवाशांना पाय ठेवायला जागा उरेना, आणि हे हाल खरोखर गंभीर होते. गर्दी भुयारी रेल्वेकडे वळावी म्हणून पालिकेने हा पास मोडीत काढून बस व भुयारी रेल्वेचा १,१०० येनांचा संयुक्त पास पुढे केला. जून २०२४ पासून सुट्टीच्या दिवशी पर्यटकांसाठी ५०० येन भाड्याच्या वेगळ्या जलद बस धावू लागल्या.