जंतू घशात, पुरळ पायावर

आमच्या बचत गटाच्या बैठकीत बाळंतिणीच्या तापाचा विषय निघाला की एखादी आजी हळूच म्हणते, "सकाळी बोलत होती गं, संध्याकाळी गेली." इतक्या लवकर कशी गेली, हा प्रश्न तिथेच राहतो. त्याच्या उत्तराचा एक धागा शिकागोच्या डॉ. ग्लॅडिस डिक या बाईंपाशी सापडतो.

पती डॉ. जॉर्ज डिक यांच्यासोबत त्या स्कार्लेट फीवरचा अभ्यास करत. या आजारात घसा सुजतो, ताप चढतो, अंगभर लाल पुरळ उठतं. त्या काळी कितीतरी लेकरं यात दगावत. रोग्याच्या घशात स्ट्रेप्टोकोकस हा जंतू सापडे, ओवलेल्या मण्यांच्या सरीसारखा. पण जंतू घशात असताना पुरळ थेट पायापर्यंत कसं?

रोग्याची सेवा करताना एका नर्सला हा आजार झाला होता. तिच्या बोटाच्या जखमेतले जंतू डिक पतिपत्नींनी वाढवले आणि राजीखुशीने पुढे आलेल्या माणसांच्या घशाला लावले. काहींना तोच आजार झाला. ही 1923 ची गोष्ट. आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही. मग त्यांनी जंतू वाढवलेलं पाणी इतक्या बारीक गाळणीतून गाळलं की एकही जंतू खाली उतरू नये. ते पाणी टोचलं, तरी पुरळ उठलं! म्हणजे जंतू बसतो एका जागी, आणि त्याने सोडलेलं विष रक्तातून अंगभर फिरतं.

या शोधाचं त्यांनी पेटंट घेतलं. औषधाचा दर्जा राहावा म्हणून, असं त्यांचं म्हणणं. त्यावर टीका झाली, आणि ती आम्हाला पटते.

बाळंतज्वरातही हीच मण्यांची सर असते. 1879 मध्ये पॅरिसला लुई पाश्चर यांनी ती फळ्यावर काढून दाखवली होती. विष नेमकं काय करतं, ते बरंच नंतर कळलं. शरीराचे राखणदार एरवी मोजकेच उठतात. हे विष त्यांना एकदम, गरज नसताना उठवतं. मग त्यांच्याच गोंधळात रक्तवाहिन्या पाझरतात, रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडं थकतात. म्हणून अशा गंभीर आजारात डॉक्टर पेनिसिलिनच्या जोडीला क्लिंडामायसिनही देतात. पेनिसिलिन जंतू मारतं, क्लिंडामायसिन त्याचं विष बनवणं थांबवतं.

ओल्या बाळंतिणीला ताप आला, ओटीपोटात असह्य दुखू लागलं, छाती धडधडली, लघवी कमी झाली किंवा ती असंबद्ध बोलू लागली, तर सकाळची वाट पाहू नका. जखम वरून साधी दिसते पण दुखणं फार आहे, तेव्हाही नाही. लगेच 108 ला फोन करा आणि बाळंत होऊन किती दिवस झाले, ते आधी सांगा.