व्यावसायिक दायित्व विमा

डॉक्टर, वास्तुविशारद, अभियंता, वकील, सनदी लेखापाल यांसारख्या विशेष ज्ञानाच्या वा कौशल्याच्या बळावर सेवा देणाऱ्या व्यक्तींच्या अथवा संस्थांच्या हातून कामात हयगय वा कसूर घडून इतरांचे नुकसान झाल्यास द्यावी लागणारी भरपाई आणि न्यायालयीन बचावाचा खर्च भरून देणारा विमा. यास ‘व्यावसायिक क्षतिपूर्ती विमा’ असेही म्हणतात. आगीच्या विम्यात विमेदाराच्या मालमत्तेस संरक्षण मिळते. या विम्याचा विषय मात्र विमेदारावर येणारे कायदेशीर दायित्व हा असतो.

या विम्याचा विकास अपकृत्य विधीच्या विकासाबरोबर झाला. इंग्लंडमध्ये १८८५ मध्ये स्थापन झालेली ‘मेडिकल डिफेन्स युनियन’ ही डॉक्टरांची परस्पर साहाय्यक संस्था सभासदांच्या कायदेशीर बचावाची व्यवस्था पाहू लागली. करारसंबंध नसतानाही बेफिकीर सल्ल्यामुळे झालेल्या आर्थिक हानीबद्दल सल्लागार जबाबदार ठरू शकतो, हे तत्त्व तेथील उमराव सभेने १९६३ मध्ये हेडली बर्न खटल्यात मान्य केले. त्यामुळे लेखापाल व तत्सम व्यावसायिकांच्या दायित्वाची कक्षा रुंदावली.

भारतात या विषयातील मूलभूत निर्णय पुण्यातील एका प्रकरणातून आला. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेत येथील समुद्रकिनाऱ्यावर एका वीस वर्षांच्या तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. सुमारे २०० मैलांचा प्रवास करून त्यास पुण्यास आणण्यात आले. परंतु उपचार सुरू झाले त्याच दिवशी, ९ मे रोजी रात्री, तो मरण पावला. आवश्यक ती भूल न देता, जोर लावून हाड बसविण्यात आले व त्याच्या आघाताने मृत्यू ओढवला, असा निष्कर्ष न्यायालयांनी काढला. वडिलांना ३,००० रु. भरपाई मंजूर झाली. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्रिंबक बापू गोडबोले या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २ मे १९६८ रोजी अंतिम निर्णय दिला. रुग्ण स्वीकारावा की नाही, कोणता उपचार करावा आणि तो कसा करावा, या तिन्ही बाबतींत वाजवी दक्षता घेणे हे डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे त्यात स्पष्ट करण्यात आले.

कसूर आणि अंतिम निकाल यांमधील हे पंधरा वर्षांचे अंतर या विम्याच्या रचनेची गुरुकिल्ली होय. घटनेच्या दिवशी कोणते विमापत्र चालू होते, यापेक्षा दावा केव्हा दाखल झाला, यावर सामान्यतः हा विमा आधारलेला असतो. विमापत्रात एक पूर्वलक्षी तारीख नमूद असते. त्या तारखेनंतर घडलेल्या कृत्याबद्दल विमा चालू असताना प्रथमच आलेला दावा ग्राह्य धरतात. नूतनीकरणात खंड पडल्यास जुन्या कामांचे संरक्षणही नाहीसे होऊ शकते. निवृत्त झालेल्या व्यावसायिकास हा धोका विशेषत्वाने संभवतो. एका घटनेसाठी आणि संपूर्ण वर्षासाठी भरपाईच्या वेगवेगळ्या मर्यादा असतात व दाव्यातील ठरावीक प्रारंभिक रक्कम विमेदारास स्वतः सोसावी लागते. हेतुपुरस्सर कृत्य, गुन्हा व दंड यांना संरक्षण नसते.

भारतात साधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण १९७२ च्या कायद्याने झाले आणि पुढे १९९९ च्या कायद्यानंतर हे क्षेत्र खाजगी कंपन्यांना खुले झाले. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दाद मागण्याचा मार्ग सोपा केला. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये गृहनिर्माण सेवा व १३ नोव्हेंबर १९९५ रोजी मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा या कायद्याच्या कक्षेत असल्याचा निर्वाळा दिला. तेव्हापासून डॉक्टरांना या विम्याची निकड अधिक जाणवू लागली. वकिलांची सेवा मात्र ग्राहक कायद्याच्या कक्षेत येत नाही, असे त्याच न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी ठरविले. तथापि दिवाणी न्यायालयात दाद मागण्याचा मार्ग अशिलास मोकळा राहतो.

कुशल कामगार व व्यावसायिक संस्था यांच्या बाबतीत दायित्वाचे प्रकार वेगळे ओळखणे महत्त्वाचे ठरते. पुण्यातील वारजेसारख्या, बहुमजली वसाहती उभ्या राहिलेल्या उपनगरातील बांधकामाचे उदाहरण घेता येईल. संरचना अभियंत्याच्या आकडेमोडीतील चुकीमुळे इमारतीस तडे गेल्यास तो व्यावसायिक दायित्वाचा विषय होतो. परांची कोसळून वाटसरू जखमी झाल्यास सार्वजनिक दायित्वाचा. कामावरील गवंडी पडून जायबंदी झाल्यास मालकाच्या दायित्वाचा. तिसऱ्या प्रकारास भारतात १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यापासून स्वतंत्र वैधानिक आधार मिळाला. स्थावर संपदेविषयीच्या २०१६ च्या कायद्याने ताबा दिल्यापासून पाच वर्षांपर्यंतच्या संरचनात्मक दोषांची जबाबदारी विकासकावर टाकली आहे.

विम्यामुळे हयगयीस अभय मिळते, असा आक्षेप घेतला जातो. परंतु विमा कंपनी केवळ पैशाचा भार उचलते. फौजदारी जबाबदारी व व्यवसायाच्या नियामक परिषदेची शिस्तभंगाची कारवाई यांतून विमेदाराची सुटका होत नाही. व्यावसायिकाचे दिवाळे निघण्याचे टळते. त्याचबरोबर हानी झालेल्या व्यक्तीस मिळालेला हुकूमनामा केवळ कागदावर राहत नाही, हे या विम्याचे सामाजिक महत्त्व होय. [⟶ अपकृत्य; ग्राहक संरक्षण; विमा].