झाशीच्या राणीनं कंपनीविरुद्ध वकील दिला होता, तोही ऑस्ट्रेलियात जन्मलेला!

राणी लक्ष्मीबाई म्हटलं की घोडा, तलवार आणि पाठीशी बांधलेला मुलगा डोळ्यांसमोर येतो. पण तलवार उपसण्याच्या तीन वर्षं आधी राणींनी कागदावरची लढाई लढून पाहिली होती. त्यासाठी त्यांनी बोलावलेला वकील होता सिडनीजवळच्या पॅरामाटा गावचा. नाव जॉन लँग.

कोण होता हा लँग?

जन्म १८१६ चा. त्याच्या आईचे वडील १७८८ मध्ये इंग्लंडहून ऑस्ट्रेलियात पाठवलेल्या कैद्यांच्या पहिल्या तुकडीत होते. नातू मात्र इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाला आणि पुढे भारतात आला. इथं त्यानं 'मोफसिलाइट' नावाचं वर्तमानपत्र काढलं आणि कंपनी सरकारवर टीकेची झोड उठवली.

कंपनीच्या सैन्याला रसद पुरवणारे लाला जोतीप्रसाद यांचं बिल थकवून उलट त्यांच्यावरच अफरातफरीचा खटला भरला गेला होता. १८५१ मध्ये लँगनं तो लढवला आणि जिंकला. कंपनीला हरवणारा वकील म्हणून त्याचं नाव झालं.

झाशीत काय घडलं?

नोव्हेंबर १८५३ मध्ये गंगाधरराव गेले. मृत्यूच्या आदल्या दिवशी त्यांनी दामोदररावांना दत्तक घेतलं होतं. लॉर्ड डलहौसीनं ते दत्तकविधान मानलं नाही आणि १८५४ मध्ये झाशी खालसा केली.

राणींनी लँगला सोनेरी कागदावर फारसीत पत्र पाठवलं. तो आग्र्याहून झाशीला आला. बोलणं पडद्याआडून सुरू होतं. तेवढ्यात छोट्या दामोदररावांनी पडदा बाजूला सारला आणि लँगला राणी क्षणभर दिसल्या. झाशी न देण्याचा त्यांचा प्रसिद्ध निर्धार आपल्यापर्यंत पोचला, तो लँगनं लिहिलेल्या या भेटीच्या हकिकतीतूनच.

लँगचा सल्ला असा होता : निर्णय बदलणं गव्हर्नर जनरलच्या हातात नाही, थेट इंग्लंडला दाद मागा आणि तोवर निषेध नोंदवून पेन्शन घ्या. पेन्शन घ्यायला राणींनी तेव्हा साफ नकार दिला. निघताना लँगला हत्ती, उंट, अरबी घोडा, शिकारी कुत्र्यांची जोडी आणि शालजोडी भेट मिळाली.

अर्ज मात्र फेटाळला गेला.

नागपूरशी संबंध काय?

झाशीसोबतच, १८५४ मध्ये, नागपूरचं भोसल्यांचं राज्यही गेलं. तिसरे रघुजी डिसेंबर १८५३ मध्ये वारले, त्यांना मुलगा नव्हता आणि डलहौसीनं इथंही वारस नाकारला. भोसल्यांचं जडजवाहीर पुढे कोलकात्यात लिलावात विकलं गेलं. म्हणजे दोन मराठी राजघराण्यांचा निकाल एकाच कलमाखाली, काही आठवड्यांच्या अंतरानं लागला.

पुढे लँगचं काय झालं?

जून १८५८ मध्ये राणी ग्वाल्हेरजवळ लढताना धारातीर्थी पडल्या. लँग १८६४ मध्ये मसुरीत वारला. त्याची थडगी झाडाझुडपांत हरवली होती. बरोबर शंभर वर्षांनी, १९६४ मध्ये, लेखक रस्किन बाँड यांनी ती शोधून काढली. नोव्हेंबर २०१४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान टोनी अॅबट यांना जी भेट दिली, ती होती राणींच्या त्याच अर्जाची प्रत.

१८५७ ची राणी आपल्याला पाठ आहे. पण त्याआधी त्यांनी नियमानं दाद मागितली होती आणि ती नाकारली गेली होती, हेही लक्षात ठेवायला हवं.