हवामानाच्या डेटामधले −९९९ आणि ९९.९: हे आकडे काय असतात?

पुण्यात शिवाजीनगरला भारतीय हवामान विभागाचं (आयएमडी) कार्यालय आहे. पुणेकर त्याला अजूनही ‘शिमला ऑफिस’ म्हणतात. पुण्याच्या आयएमडीने तयार केलेला पावसाचा ग्रिड डेटा १९०१ पासूनचा आहे आणि तो कुणालाही डाउनलोड करता येतो. ग्रिड म्हणजे नकाशावर टाकलेली जाळी. या जाळीत ०.२५ अंशांच्या (साधारण २५ ते २८ किलोमीटर) अंतरावर १३५ × १२९, म्हणजे १७,४१५ बिंदू आहेत.

जाळी चौकोनी आहे, देश नाही. समुद्रातल्या आणि शेजारी देशांतल्या बिंदूंवर आकडाच नसतो. तिथे पावसाच्या फाइलमध्ये −९९९ लिहिलेलं असतं आणि तापमानाच्या १ अंशाच्या फाइलमध्ये ९९.९. हे मोजमाप नव्हे, ‘इथे माहिती नाही’ अशी खूण आहे. कॉम्प्युटरला मात्र ते सांगावं लागतं.

घोळ कुठे होतो?

पाऊस किंवा तापमान वाढतंय की घटतंय हे पाहायला प्रत्येक बिंदूसाठी लिनियर रिग्रेशन करतात, म्हणजे वर्षांनुसार मांडलेल्या आकड्यांमधून सर्वांत जवळून जाणारी सरळ रेषा काढतात. रेषेचा उतार हाच कल.

−९९९ तसा प्रामाणिक आहे. तो बेरजेत शिरला की महिन्याचा पाऊस बहुतेक वेळा उणे येतो आणि चूक लगेच दिसते. ९९.९ जास्त फसवा. समजा, मे महिन्यात ३० दिवस कमाल तापमान ३८ अंश आहे आणि एका दिवसाच्या जागी ९९.९ आहे. सरासरी येते जवळजवळ ४०. पुण्याच्या मे महिन्यात ४० बघून कोण दचकणार? आधीची २० वर्षं सरासरी ३८ वरच स्थिर असेल आणि हा घोळ एकविसाव्या वर्षी झाला असेल, तर रेषा दर दशकाला ०.२६ अंशांची वाढ दाखवते. प्रत्यक्षात वाढ शून्य! तोच घोळ पहिल्या वर्षी झाला असता, तर तेवढीच घट दिसली असती.

मग करायचं काय?

सरासरी काढण्याआधी, फाइल उघडल्याबरोबर या खुणा ‘रिकामं’ म्हणून नोंदवायच्या. पायथॉनमध्ये त्यासाठी ‘नॅन’ असतं. पण एक नॅन गणितात शिरला की साध्या सूत्राचं सगळं उत्तरच नॅन येतं. म्हणून कायम रिकामे बिंदू आधीच बाजूला काढायचे आणि उत्तराच्या नकाशातही रिकामेच ठेवायचे. बाकीच्या बिंदूंवर ज्या वर्षाचा आकडा नाही, ते वर्षही गाळायचं. २००७ गाळलं म्हणून २००८ ला त्याच्या जागी सरकवायचं नाही. फारच थोडी वर्षं उरली, तर त्या बिंदूचा कल सांगूच नये.

रिकाम्या जागी शून्य भरणं सर्वांत वाईट, कारण पावसात शून्य हा खरा आकडा आहे: पाऊस पडला नाही. सरासरी भरली तर रेषा विनाकारण सपाट होते.

काही रिकाम्या जागा तर दिसतच नाहीत. पावसाचा हा ग्रिड ६,९५५ केंद्रांच्या नोंदींवरून बनवला, पण सगळी केंद्रं दरवर्षी चालू नव्हती. केंद्र नसलेल्या बिंदूचा आकडा आसपासच्या केंद्रांवरून काढतात. जवळच्या केंद्राला वजन जास्त. फाइलमध्ये तो खऱ्या नोंदीसारखाच दिसतो. एखादं घाटमाथ्यावरचं केंद्र बंद पडलं, तर पाऊस तेवढाच पडूनही तिथला कल घसरू शकतो. त्यामुळे सह्याद्रीसारख्या भागात कल पाहताना कोणत्या वर्षी किती केंद्रं चालू होती, हेही तपासावं लागतं.